नवरा या बाजूला, भाऊ त्या बाजूला

आये, काल तुझा पणतू टीव्हीसमोर बसून एकटाच हसत होता. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाला, विलायतेतल्या दोन फुटबॉल संघांचे दोन प्रशिक्षक भांडतायत. सामना अजून व्हायचाय, पण एकाने आधीच वर्तमानपत्रातून दुसऱ्याला डिवचलंय, दुसऱ्याने त्याला टोला परत दिलाय, आणि मागच्या वेळी म्हणे खेळ संपल्यावर दोघांनी एकमेकांच्या हाताला हातसुद्धा लावला नाही. त्याला या सगळ्याचं फार अप्रूप. मी म्हटलं, "अरे, ही तोंडं म्हणजे काहीच नव्हेत. असे दोघे मी आमच्या घरात पाहिलेत. एक माझा बाप आणि एक माझा मामा." त्याला वाटलं आजी थट्टा करते. मग मी त्याला सगळं सांगत बसले. ऐकून तो खूप हसला आणि खेळायला निघून गेला. माझ्या मात्र मनात आलं, या गोष्टीत बाबा आणि मामा नुसते ओरडतात, जे करायचं ते तू करतेस. आणि तुला मी हे एकदाही बोलून दाखवलं नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

तुझ्या लग्नाच्या आधीपासून ते दोघे मुंबईला गोदीत एकत्र कामाला होते, हे तूच मला सांगितलंस. रेवसहून बोट धरायची आणि महिना-दोन महिने तिकडेच राहायचं. रविवारी गोरे सोल्जर मैदानात फुटबॉल खेळत आणि एखादा गडी कमी पडला की कुंपणाशी उभ्या असलेल्या गोदीवाल्यांतला कुणीतरी ओढून घेत. त्यात हे दोघे शिरले. कोण आधी शिरला आणि कुणी कुणाला शिकवलं, यावर पुढे तीस वर्षं वाद चालला. बाबा म्हणत, "त्याला चेंडूला लाथ मारायला मी शिकवलं." मामा म्हणे, "शिकवलं व्हय! पहिल्या दिवशी ते चेंडू समजून साहेबाच्या नडगीवर मारत व्हते." मग एके दिवशी जहाजातून उतरवताना एक पेटी घसरली आणि बाबांच्या पायावर आली. मामाने त्यांना पाठीवर घेऊन इस्पितळ गाठलं. पाय वाचला, पण वाकडा राहिला. बाबा गावी परतले आणि मिठागरावर देखरेख करू लागले. पुढे मामाही मुंबईला कंटाळून खाडीपलीकडच्या आपल्या गावी भातशेतीला लागला. दोघांनी येताना तो खेळ बरोबर आणला. आपल्या गावच्या पोरांना बाबा शिकवू लागले, तिकडच्यांना मामा. कापणी झाली, शेतं वाळली, की धसकटं ठेचून मैदान करायचं, बांबू रोवून गोल करायचा आणि अनवाणी खेळायचं. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी दोन गावांचा सामना ठरलेला.

आणि त्याच्या आधी महिनाभर तोंडाचा सामना. वर्तमानपत्राची गरजच नव्हती, खाडीवर होडी चालवणारा तरीवाला होता. सकाळी तो इकडची माणसं तिकडे नेई आणि त्यांच्याबरोबर बाबांचं वाक्यही. "त्यांच्या गोलात चेंडू घालायचा म्हणजे भरतीला जाळं टाकायचं. कुठंबी टाका, लागतंच." दुपारी उलटा जबाब येई. "दाजींना सांग, तुमची पोरं मीठ तुडवायला बरी. चेंडू तुडवायचा नसतो." तरीवाला प्रत्येक वाक्याला पदरचं तिखटमीठ लावी. आमच्या ओसरीवर त्यावर हसणं, चिडणं, मांड्या थोपटणं चाले, आणि तू आत चुलीपुढे भाकऱ्या थापत असायचीस. कधीकधी तुझे खांदे हलताना मी पाहिलेत. तुला दोघांचीही वाक्यं आवडत. मामाचं जास्त चांगलं झालं तर तू पीठ घ्यायच्या निमित्ताने भिंतीकडे तोंड करून हसायचीस.

मग ते वर्ष आलं. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची असेन. सामना रंगात आला होता, आपली पोरं पुढे होती, आणि बाबा कडेने लंगडत धावत ओरडत होते. मामाचा तोल गेला. सगळ्या लोकांसमोर तो म्हणाला, "लंगड्यानं शिकवलेली पोरं, किती धावतील ते बघतो मी!" ज्याने त्यांना पाठीवरून इस्पितळात नेलं होतं, त्याच्याच तोंडून ते निघालं होतं. बाबांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. ते सावकाश म्हणाले, "ज्या घरात अशी भाषा हाय, त्या घराचा उंबरा आजपासून माज्या घरातलं कुनी ओलांडनार न्हाय." मामाही ताठ. म्हणाला, "नका ओलांडू. दार लावून घेतो." सामना तिथेच मोडला. पंच म्हणून बोलावलेले मास्तर पोरांच्या धक्काबुक्कीत पडले, धोतर झटकत उठले आणि पुन्हा या खाडीवर पाऊल ठेवणार नाही म्हणून निघून गेले.

दोघे आपापला शब्द धरून बसले आणि माहेर तुटलं ते तुझं. तिकडे तुझ्या आईच्या, माझ्या आजीच्या, डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू वाढत होता. तरीवाला हळूच येऊन सांगे, "म्हातारी विचारते, पोरगी का येत न्हाय." तू त्याला म्हणायचीस, "सांग, मिठाचा हंगाम हाय." पावसात मिठाचा हंगाम नसतो हे आजीला कळत नसेल का? दिवाळी आली. भाऊबीजेला मामा आला नाही, तुला जाता येणार नव्हतं. संध्याकाळी तू ताट केलंस, निरांजन लावलंस, आणि अंगणात जाऊन चंद्राला ओवाळलंस. आये, ज्यांना भाऊ नसतो त्या बाया चंद्राला ओवाळतात. तुझा भाऊ खाडीच्या पलीकडे धडधाकट जेवत बसला होता. बाबा ओसरीवरून ते बघत होते. त्या दिवशी जेवताना त्यांनी मीठ जास्त की कमी ते सांगितलं नाही. एवढं बोलणारा माणूस, पण आपला शब्द मागे घ्यायला त्याच्यापाशी शब्द नव्हता.

पुढच्या शिमग्याला पुन्हा सामन्याची बोलणी निघाली. खेळायचं दोन्ही गावांना होतं, पण पंच व्हायला कुणी तयार होईना. इकडचा म्हटलं की तिकडचे नको म्हणत, तिकडचा म्हटलं की इकडचे. एका संध्याकाळी ओसरीवर बाबा, आपल्या गावाकडून खेळणारा माझा काका आणि आठ-दहा पोरं डोकं धरून बसली होती. तू सुक्या बोंबलाचं कालवण ढवळत होतीस. तसाच डाव हातात घेऊन तू दारात आलीस आणि म्हणालीस, "मी व्हते पंच."

पोरं हसली. काका तर मोठ्यांदा हसला. बाबा म्हणाले, "तू? तू तर दोन्ही बाजूची."

"म्हनूनच," तू म्हणालीस. "तुमाला वाटंल मी भावाची, त्याला वाटंल मी नवऱ्याची. दोघंबी जपून खेळाल."

"बाईमानूस मैदानात? लोक काय म्हनतील?"

"तुमी दोघं मिळून जे बोलता, त्याच्याहून वंगाळ काय म्हनतील?"

बाबांनी तरीवाल्याला बोलवायला पोर पाठवलं. निरोप गेला. मला वाटलं होतं मामा उडवून लावेल. पण दुसऱ्या दिवशी तरीवाला म्हणाला, "तुजा भाऊ बोल्ला, ताईपुढं खोटं बोलायला लहानपनीबी जमलं न्हाय. चालंल."

मला तो दिवस अजून दिसतो. तू हिरवं लुगडं घट्ट कासोटा मारून नेसली आहेस, पदर कमरेला खोचला आहेस. दोन्ही गावं बांधावर दाटी करून उभी आहेत. बायाही आल्या आहेत, एरवी त्या लांबून बघत. एक म्हातारे आजोबा काठी आपटून म्हणतात, "हे बघायला जगलो व्हतो का आमी!" तू त्यांच्याकडे वळून अगदी मायेने म्हणतेस, "आजा, उन्हात नका बसू, तिकडं आंब्याखाली सावली हाय." लोक हसतात, आजोबा खरंच सावलीत जाऊन बसतात. मग तू बाबांना आणि मामाला मधे बोलावतेस. वर्षभरात ते पहिल्यांदा इतके जवळ उभे आहेत, एक पूर्वेकडे बघतोय, एक पश्चिमेकडे. तू म्हणतेस, "तुमच्यातल्या एकानं जरी तोंड उघडलं, तर खेळ बंद. मी घरी जाऊन भाकऱ्या करीन." आणि ते दोघे खरंच गप्प बसले! अर्धी गर्दी चेंडू सोडून त्यांच्याकडेच बघत होती. बाबा धोतराचा सोगा चावत होते. मामा हात मागे बांधून कडेकडेने येरझारा घालत होता, त्याचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता.

उन्हं उतरली तरी दोन्हीकडे एकेकच गोल होता. मग मामाच्या पोरांच्या गोलासमोर मोठी गर्दी झाली, धूळ उडाली आणि त्यातून चेंडू बांबूंच्या मधून गेला. काकाने मारला होता. आपलं गाव नाचायला लागलं, कुणीतरी ताशा बडवला. आणि तू हात वर केलास. तुझा तो मिठागराच्या या टोकाहून त्या टोकाला पोचणारा आवाज. "हात लागला. गोल न्हाय!"

काका धावत आला. "वयनी, छातीला लागला! देवाशपत!"

"भावजी, देवाला मधी घेऊ नका," तू म्हणालीस. "तोच हात रोज माज्यापुढं भाकरीला पसरता. मी वळखते त्याला."

काकाने मान खाली घातली. पण गाव कुठे ऐकतंय? चेंडू मामाच्या पोरांना मिळाला, आपली पोरं अजून हुज्जत घालत होती, तेवढ्यात मामाची पोरं पुढे निघून गेली आणि त्यांनी गोल केला. थोड्या वेळाने तू खेळ थांबवलास. आपण हरलो होतो. "माहेरची सरशी केली! घरभेदी!" बांधावरून ओरडा सुरू झाला. आणि एक ढेकूळ आलं. तुझ्या कपाळाला लागलं, भुवईवरून रक्त आलं. तू हललीसही नाहीस. पदराने डोळा पुसून तिथेच उभी राहिलीस.

त्या बाजूने मामा धावत सुटला होता. पण आधी बाबा पोचले, तो वाकडा पाय घेऊन. ते तुझ्यासमोर उभे राहिले, आपल्याच गावाकडे तोंड करून, आणि दिवसभर कोंडलेला आवाज बाहेर पडला. "कुनी मारलं? पुढं या! अरे, बारा वर्षं मी तुमाला शिकवतोय, आनि बारा वर्षं तुमच्यासाठी खोटं बोलतोय. हात लागला तरी न्हाय लागला म्हनलो, गोल नसला तरी हाय म्हनलो. मी बोलतो खोटं, माजा मेव्हना बोलतो. ही न्हाय बोलत! ही सांगते हात लागला, म्हंजे लागला. ज्याला पटत न्हाय त्यानं माज्या मैदानात पाय ठेवू न्हाय!"

कुणी पुढे आलं नाही. तोवर मामा आला. त्याची पोरं मागे जिंकल्याचा दंगा करत होती, त्यांच्यावर तो खेकसला, "गप ऱ्हावा रे!" मग सगळ्यांदेखत वाकून त्याने तुझे पाय धरले. उठला तो बाबांपुढे. "दाजी, गेल्या सालाला मी जे बोल्लो..." बाबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तू बोल्लास तर मलाबी बोलावं लागंल. आनि आज आपल्याला तोंड बंद ठेवायला सांगितलंय." तू कपाळावर पदर दाबून हसायला लागलीस. रडत होतीस की हसत, ते मला तेव्हाही नीट कळलं नाही.

त्याच संध्याकाळच्या तरीने तू मला घेऊन माहेरी गेलीस. बाबांनी स्वतः धक्क्यावर सोडलं. आजीला तेव्हा जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. तिने तुझा चेहरा हातांनी चाचपला, बोटं भुवईवरच्या जखमेवर थांबली. "हे काय गं?" तू म्हणालीस, "काय न्हाय, चेंडू लागला." आयुष्यात तुझं मी ऐकलेलं बहुतेक हे एकच खोटं.

सगळं काही त्या दिवशी गोड झालं नाही. विहिरीवर बाया कितीतरी दिवस तुझ्याशी तुटक वागल्या, तू आलीस की बोलणं थांबे. काका वेगळ्या पंगतीला जेवायचा. शेवटी पाऊस लागल्यावर एकदा ताटावर बसून तो आपणहून म्हणाला, "वयनी, लागला व्हता हात." तू त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढलीस. आणि पुढच्या हंगामात दोन्ही गावांनी एकमुखाने पंच म्हणून तुला मागितलं. त्याच्या पुढच्याही. बाबा आणि मामा? आठवडाभरात तरीवाल्याची वाक्यं पुन्हा सुरू झाली. फक्त पायाचा उल्लेख मामाने पुन्हा कधी केला नाही, आणि उंबऱ्याचा बाबांनी.

आता तुम्ही तिघेही राहिला नाहीत. त्या शेतांवर घरं झाली. मी शाळेत शिकवत होते तेव्हा मुलामुलींच्या कितीतरी खेळांची पंच झाले, आणि प्रत्येक वेळी हात वर करताना मनात तू असायचीस. माझ्यासारखी शिकलेली बाई चार चौघांत ताठ उभी राहते याचं लोक कौतुक करत. मला मनातून वाटे, यांनी हिरव्या लुगड्यातली माझी आई बघायला हवी होती. हे पत्र कुठे टाकायचं नाही. तुला अक्षर येत नव्हतं, हयात असतीस तरी मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि वाचताना मी हे शेवटचं गाळलं असतं. तू हात वर केलास ना, तेव्हा गर्दीत "गोल हाय, गोल हाय" म्हणून सगळ्यात मोठ्यांदा जी पोरगी ओरडत होती, ती मी होते. हात लागलेला मीही पाहिला होता. पण आये, आपण जिंकायला हवं होतं गं. अजूनही वाटतं.