गोधड्यांखालचा ड्रम

प्रिय शेवंता,

बारशाले सगळ्यात आधी कोण आलं असन, सांग बरं? तुही लेक, वंदना. मलकापूरहून एसटीनं आली, बुलढाण्याहून रिक्षा केली. हातात कुंची-झबलं, अन् मांगं रिक्षावाला पाण्याच्या दोन कॅना उचलून आणून राह्यला. म्हणे, "मावशी, तुमच्या देऊळघाटात नळ पंधरा दिवसानं येते. पाहुण्याइले प्यायले तरी होईन."

माही नणंद गप बसते का? "बारशाले लोकं सोनं आणतात व पोरी, तू तं पाणीच आणलं."

"आत्या, सोनं पेता येते का?"

सगळ्या बाया हासल्या. मले काही हासता आलं नाही. म्हणून लिहाले बसली. चौथी शिकलेली बाई मी, अक्षर वाकडं आहे, सांभाळून घेजो.

आधी नातीचं सांगते. गोरीपान नाही, पण डोळे! तुह्या कोंबडीवानी टुकूटुकू पाहते. पायावर घेतली का कोमट पाण्यात अशी हातपाय झाडते का माहं लुगडं वलं होते. सव्वा महिन्याची झाली. तुही तेरवी होऊ दे म्हणून बारसं लांबवलं मी. लोकं म्हणतात, शेजारीण असावी तं अशी. आइकून मी आत निघून जाते.

तू गेली तो दिवस तुले कसा ठाऊक असन? मीच सांगते. पोर तीन दिवसाची होती. पंचायतीची मोटर जळालेली. टँकर आला तं दर घराले दोन गुंड पाणी, त्या दोन हंड्यावर थेंब नाही. वरून पाण्याची झिमझिम, रस्त्यात चिखल, अन् घरात प्यायले पाणी नाही. असा कोणता पावसाळा असते व?

वंदना दारात आली. रडू रडू गळा बसलेला. "मावशी, एखादा गुंड पाणी हाये का? आईचं आंग धुवाचं हाये."

मी म्हटलं, "नाही व माय. सकाळीच सरलं."

माह्या मांगं, खोलीत, ड्रम भरलेला होता. वरून तीन गोधड्या टाकल्या होत्या मी. मले वाटलं, आज एक गुंड देला तं सारी आळी येईन, मंग बाळंतिणीले काय घालू? असं मनाले समजावलं. पण एक गुंड, शेवंता. एकच मांगला होता तिनं.

मंग बायाइनं पत्र्याच्या वळचणीखाली परात ठेवली. गंजक्या पत्र्याचं तांबडं पाणी, तेच तुह्या आंगावर घातलं. मी पण घातलं. माह्या हातानं तुहा चेहरा पुसला.

तो ड्रम भरला कोणं होता? तूच ना. नळ आला तं भिंतीवरून नळी टाकली, "आधी बाळंतिणीचं भर, माहं मंग पाहू" म्हटलं. तुहं भरायच्या आत नळ गेला. मी तुले तेव्हा धड बस म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच पाण्यानं नातीले न्हाऊ घातलं. ते हातपाय झाडे अन् मी हासत होती. हे सगळ्यात जास्त टोचते मले. नळावर तू रोज भांडे माह्याशी; कमी भांडली असती, तं मी तो एक गुंड देला असता का? नाही, काहीतरीच बोलून राह्यली मी.

हे सांगाले बारशात दोनदा वंदनाले बाजूले नेलं. एकदा नणंद आली, एकदा मीच घुगऱ्या वाढाले उठली. पोरगी मले मावशी म्हणते. सांगितल्यावर म्हणन का? न म्हणो. पण तिच्या हातचं पाणी मी आता चोरावानी पिणार नाही. तुले वचन देते, तिले पहिले हे सांगीन, ताट मंग वाढीन. जेवाचं का उठून जाचं, ते तिनं ठरवावं.

तुही शेजारीण,
सरू

ता. क. तुहं घर आवराले येणार आहे ती. "जेवण तुह्याकडंच, मावशी" म्हणे. गुरुवारी.