लेसर तापला, गंजी गारच

आदिलाबाद, मंगळवार, २१ जानेवारी १९९७

शेठला खरं सांगावं तर माझी फजिती, न सांगावं तर एखाद्या दिवशी आग. जिनिंग कारखान्यातल्या कापसाच्या गंजीत मी उजेड वाहून नेणारी काचेची तार सोडली. एका टोकाला मोडक्या सीडी प्लेअरमधला लेसर, दुसऱ्या टोकाला उजेडाचा सूर करणारा स्पीकरचा डबा. गंजी आतून तापली की तारेला बांधलेली दोन धातूंची पट्टी वाकते, तारेलाही वाकवते, उजेड घटतो, सूर उतरतो. इतक्या स्वस्तात! शेठ खूश. गंजीत हात घालून ऊब पाहणाऱ्या किसनकाकांना उद्यापासून सुट्टी.

आज सूर उतरला. पाहतो तर लेसरवर ऊन. तळहाताची सावली धरली, थोड्या वेळानं सूर चढला. म्हणजे लेसर स्वतः तापला तरी उजेड घटतो! मग सूर उतरला तर तापलं काय, गंजी की लेसर, हे कळणार कसं? त्याचा सूर वेगळा ऐकायची सोय आधीच काऊन केली नाही मी?

तेवढ्यात काका आले. खांद्यापर्यंत हात गंजीत घातला.

"गार हाये. तुया डबा काय म्हणते रे मास्तर?"

तळहात लेसरवरच होता. "गारच म्हणते."

"मंग मी बिनघोर घरी बसतो," काका हसले.

त्यांना चहा पाजला. थांबवलं मात्र नाही.