दिवसा लावलेलं दार

सेक्रेटरी स्वप्नीलसाहेब,

कॅमेऱ्याचं तोंड वळलं, तेव्हापासून माझं दार पुन्हा उघडं असतं. उंबऱ्याशी बसून वाल सोलते. जीव कसा मोकळा झालाय.

पॅसेजमधला तो कॅमेरा थेट माझ्या घरात बघतो, हे मी तुम्हाला चारदा सांगितलं. तुम्ही उलट नोटीस चिकटवलीत: "फ्लॅट २०४ ने नियमाप्रमाणे दार बंद ठेवावे." आमच्या गावी, कशेळ्यात, दिवसा दार लागलं, की शेजारी विचारायला येतात, कोण आजारी हाय म्हणून. इथे दहिवलीत उघडं ठेवलं तर नोटीस! मलाही राग आला. म्हटलं, बंद पाहिजे ना, घ्या बंद.

दोन दिवस कडी काढली नाही. दुसऱ्या संध्याकाळी तुम्हीच धावत आलात. कॅमेऱ्यात दार हललेलं दिसेना म्हणून घाबरलात. "काकू! अहो काकू, बऱ्या आहात ना?"

दार उघडलं तर तुम्ही घामाघूम. मी पाणी दिलं, तुम्ही माझ्या खुर्चीत टेकलात, समोर पाहिलंत, तर कॅमेरा तुमच्याकडेच बघत होता. सकाळी माणूस बोलावून तो जिन्याकडे फिरवलात.

आता खरं सांगते, म्हणूनच हे पत्र सोसायटीच्या तक्रारपेटीत न टाकता तुमच्याच हातात देणार आहे. तुम्ही हाका मारत होतात तेव्हा मी आत, कडीवर हात ठेवून उभी होते. पहिल्याच हाकेला उघडणार होते. पण तीन वर्षांत या बिल्डिंगीत मला 'दोनशे चार' सोडून कुणी काही म्हटलं नव्हतं.

म्हणून अजून दोन हाका ऐकून घेतल्या.

तुमची,
विमलकाकू