शेजारचा फोन, आमचा नंबर

४ फेब्रुवारी १९७९, रविवार
शेजारी भैय्याजींकडे आज टेलिफोन लागला. सिमेंटचं दुकान आहे म्हणून लवकर नंबर लागला म्हणे. काळं, लठ्ठ धूड. प्रयागबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं आणि वर क्रोशाचं टोपडं घातलं. सगळी गल्ली बघायला गेली. मी गेलो नाही. खिडकीतून दिसलं तेवढं पुष्कळ झालं. (पाऊण तास दिसलं.)

६ फेब्रुवारी
कुठलीही गोष्ट नाकारण्याआधी तिचा नि:पक्षपातीपणे विचार करावा. बावीस वर्षं हेडक्लार्की उगाच नाही केली. ऑफिसच्या फुलस्केपवर मधोमध रेघ मारून फोनचे फायदे-तोटे मांडले. फायदे: कुणी मेलं तर लवकर कळतं. (हा फायदा की तोटा, विचाराधीन.) तोट्यांना कागद पुरला नाही. मुख्य तोटा हा की तिकडे कुणी टिचभर माणूस घंटी वाजवतो आणि इकडे भला माणूस जेवणावरून उठून धावतो. कुत्र्याला तरी नावाने हाक मारतात. पत्राचं तसं नाही. पत्र दारात थांबून राहतं.
निर्णय: भैय्याजींच्या फोनला या जन्मी हात लावायचा नाही.

११ फेब्रुवारी
आमच्या गोपिकाचं लग्नासाठी परिचयपत्र टाइप करून घेतलं. तिच्या आईने, कौसल्येने भुणभुण लावली की आजकाल सगळे फोन नंबर देतात, भैय्याजींचा द्या, ते लांबचे सोयरेच तर आहेत. दिला. नंबरापुढे कंसात ‘पी.पी.’ लिहिलं, म्हणजे फोन शेजाऱ्याचा, निरोप आमचा. नंबर देणं म्हणजे फोन मान्य करणं नव्हे. तत्त्व अबाधित.

२५ फेब्रुवारी, रविवार
भंडाऱ्याचे मारोतराव मुलाला घेऊन गोपिकाला बघायला आले. तांदळाची गिरणी आहे. मुलगा श्रीधर, पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर. सरळ मुलगा. गोपिका चहा देताना दोनदा हसली, एरवी ती पाहुण्यांसमोर एकदाही हसत नाही. जमल्यातच जमा. जाताना मारोतराव म्हणाले, फोनवर कळवतो. गिरणीत फोन आहे ना, मग काय, उचलला की बोलले. हळूहळू वळण लावू.

१ मार्च, सकाळी ८.१०
दाढी अर्धी झाली होती. भिंतीवरून प्रयागबाई ओरडल्या की भंडाऱ्याचा ट्रंककॉल आला आहे. मी कळवलं की पत्र पाठवा म्हणावं. कौसल्या पदर खोचून निघाली होती, तिला थांबवलं. मुलीकडच्यांनी फोन वाजला म्हणून धावत सुटलं की पुढे आयुष्यभर धावावं लागतं. तिला हे समजलं नाही. नंतर दाढी करताना गाल कापला गेला, त्याचा फोनशी संबंध नाही.

२ मार्च
मारोतरावांना पत्र टाकलं. ‘आपल्या कालच्या दूरध्वनीस अनुलक्षून सविनय कळविण्यात येते की...’ एकूण सतरा ओळी. रजिस्टर, पोचपावतीसह. इतकं सुरेख ड्राफ्टिंग त्यांच्या गिरणीत कुणी पाहिलं नसेल.

८ मार्च
पुन्हा ट्रंक. या वेळी भैय्याजी स्वतः बनियनवर दारात. म्हणाले, “मधुकरराव, मानूस तिकडे लाइन धरून राहिला. चला ना जी.” मी पूजेला बसलो होतो. (त्यांना पाहून बसलो.) मान हलवली. मग भिंतीपलीकडून भैय्याजींचा आवाज दोन कॉल, म्हणजे चांगली सहा मिनिटं संपेपर्यंत येत होता. दोनदा मोठ्याने हसले. ज्याचं तोंड कधी पाहिलं नाही त्याच्याशी हसण्यासारखं काय असतं, देव जाणे.

१५ मार्च
पोचपावती आली. मारोतरावांची सही ठसठशीत. उत्तर मात्र नाही. पत्राचा परिणाम खोल झालेला दिसतो, माणूस शब्द शोधत असणार. फोन तेवढे वाढले आहेत. आठवड्यात तीन. भैय्याजी आता मला बोलवायला येत नाहीत. उशिरा का होईना, समज आली.
टेलिफोन ऑफिसवरून सहज जात होतो, चौकशी केली. नवा फोन आठ-नऊ वर्षांनी. अर्ज केलेला नाही. (केला. पण सही करताना मनातून विरोध होता.)

२५ मार्च, रविवार
दुपारी चारला गल्लीत ॲम्बेसेडर थांबली. मारोतराव आणि श्रीधर उतरले. मी तोट्यांचा कागद कौसल्येला दाखवला आणि म्हटलं, बघ, पत्राने माणूस स्वतः चालून येतो. कोट चढवला. गोपिकाने मोरपंखी साडी नेसली. पोहे भिजवले.
पाहुणे भैय्याजींकडे गेले. घर चुकले असतील म्हणून मी फाटकात जाऊन दोनदा खाकरलो.
सात वाजता प्रयागबाईंनी पेढे पाठवले. त्यांच्या लेकीचं, सुमतीचं ठरलं.

२६ मार्च
भैय्याजी आले. खाली बघत बोलत होते. म्हणाले, दर वेळी तुमच्याबद्दल चांगलंच सांगितलं, पण तुम्ही येईनात, मग लाइनवर माणसाला गप्प कसं ठेवायचं. बोलता बोलता पाऊसपाणी झालं, धानाचे भाव झाले, नाती निघाली. शेवटी मारोतरावच म्हणाले की मुलीचा बाप बोलायलाच तयार नाही, त्याच्या मनात नसेल. तुमच्या घरी कुणी आहे का?
मी म्हणालो, छान झालं. मला ते घराणं तसं फोनवेडंच वाटलं होतं. भैय्याजी गेल्यावर गोपिका भांडी आवरता आवरता म्हणाली, “सुमतीचं भलं झालं. पन बाबा, मले तो पसंत होता. तुम्ही काहून नाही गेले जी फोनवर?”
उत्तर लिहून द्यावं म्हणून कागद घेतला. तो तोट्यांचाच निघाला. फाडला.

२० मे, रविवार, दुपारी
आज सुमतीचं लग्न. भैय्याजींचं सगळं घर मांडवात. काल येऊन म्हणाले की बाहेरगावच्या पाहुण्यांचे फोन येतील, फोनपाशी भरवशाचा माणूस बसवायचा आहे, आणि तुमच्याइतकं नीट निरोप कोण लिहिणार. ते खरंच आहे. गोपिका सकाळीच गेली, सुमतीची वेणी घालायला.
एक वाजल्यापासून बसलो आहे. टोपडं काढून ठेवलं. पेन्सिलींना टोक केलं. वाजला तर तीन घंट्या होऊ द्यायच्या, मगच उचलायचा.

३.२०
पहिल्याच घंटीला उचलला. पलीकडे मारोतराव, वाटेतल्या मौद्याच्या पेट्रोल पंपावरून. वऱ्हाडाची बस पंक्चर, वरात तासभर उशिरा. मी म्हणालो, मधुकरराव बोलतो. ते म्हणाले, “कोन मधुकरराव?”
सतरा ओळींचं पत्र सांगणार होतो. शेजारचा, एवढंच म्हणालो.
“बरं झालं जी,” ते म्हणाले, “फोनपाशी कोनी तरी आहे.”
निरोप लिहून घेतला. वेळ टाकली, खाली सही केली. आता मांडवात नेऊन देतो.