मातीसकट

३ नोव्हेंबर

पोचले एकदाची. खूश आहे हे आधी लिहून टाकते, कारण तसं लिहायची वेळ माझ्यावर क्वचित येते. घर टेकडीवर आहे, वस्ती खाली. माझी खोली वरच्या मजल्यावर, पलंग रुंद, कपाटाची दारं करकरत नाहीत. पण खरी चैन जुन्या वस्तूंची निगा राखायच्या माझ्या कामाच्या खोलीत आहे. उत्तरेचा शांत उजेड, कोपरापर्यंत हात बुडतील एवढं खोल सिंक, शुद्ध पाण्याचा वेगळा नळ आणि हरतऱ्हेचे ब्रश, ओळीने लावलेले. जुन्या संग्रहालयात मी साधा कापूससुद्धा पदरमोड करून आणत होते.

तिथली नोकरी का सोडली ते एकदाच लिहिते आणि विषय संपवते. मूर्ती तळघरात होत्या आणि तळघरात पाणी शिरलं. मी कळवत राहिले. फाईल या टेबलावरून त्या टेबलावर हलली, पाणी काही हललं नाही. एका सकाळी दगडाचा पोपडा हातात आला, त्यावर एक अख्खा कान होता. त्यानंतर मी साहेबांना जे बोलले ते बोलल्यावर तिथे राहण्यात अर्थ नव्हता.

धाकटी बहीण मात्र फुगून बसली आहे. तिचं म्हणणं असं की ताई, आळशांवर रुसून तू चोराच्या घरी राखणीला निघालीस. दिवसभर कापडावर कात्री चालवून हिची जीभही तशीच झाली आहे. महिनाअखेर आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. माझा हात धरल्याशिवाय आई डॉक्टरच्या खोलीत पाऊल टाकणार नाही, तेव्हा काहीही झालं तरी यायचं, असं दोघींनी मला बजावून सोडलं आहे. जाणारच आहे. या घराच्या मालकांना आल्या आल्या सांगून ठेवलं. ते नुसते हसले, पण छान हसले.

५ नोव्हेंबर

मालक स्वतःला मालक म्हणवून घेत नाहीत, रखवालदार म्हणतात. बाकी सगळे मालकच म्हणतात, तर मीही तेच लिहिते. आज त्यांनी संग्रह दाखवला. दालनामागून दालन, मखमल, वरून मंद दिवा. दगडी चेहरे, कांस्याचे दिवे, मातीची खेळणी. प्रत्येक दालनात मी रेंगाळले, खोटं कशाला बोलू. इतकं निगुतीने ठेवलेलं मी कुठल्याही सरकारी इमारतीत पाहिलं नाही.

पण कुठल्याही वस्तूखाली ती कुठे सापडली ते लिहिलेलं नाही. विचारलं तर म्हणाले, सुंदर वस्तूला पत्ता लागत नाही. जेवताना वाद झाला. त्यांचं म्हणणं की हे सगळं जागच्या जागी राहिलं असतं तर कुणीतरी त्यावर कपडे आपटले असते, कुणी फोडून चुना केला असता. मी म्हटलं, कपडे आपटले असते तरी कुठल्या घाटावर ते माहीत राहिलं असतं. यावर त्यांनी, मीच सांगितलेलं आठवून, शांतपणे विचारलं, तुमच्या तळघरातल्या त्या कानाला आता काय माहीत आहे?

मी ताट सरकवून उठले. माणूस चूक असून त्याचा मुद्दा बरोबर असला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

९ नोव्हेंबर

आज पहिलं मोठं काम आलं. उभी बाई, कडेवर मूल, पुरुषभर उंच. मूल आईची हनुवटी ओढतंय आणि ती मान वळवून हसू दाबतेय. कोण्या पाथरवटाने घरातलंच बघून केलं असणार.

घोट्यांखाली पाय नाहीत. तुटलेले नाहीत, कापलेले आहेत. यंत्राच्या करवतीचे दात स्पष्ट दिसतात आणि काप ताजा आहे, दगडाचा आतला रंग अजून कोवळा आहे. म्हणजे कुठेतरी एका चौथऱ्यावर हिची दोन पावलं उभी आहेत, वर कोणी नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मालकांना तडक जाऊन विचारलं. म्हणाले, माझ्याकडे आली ती अशीच आली, मी घेतली नसती तर दुसऱ्या कुणी घेतली असती. चोर सोडून सगळ्या जगाकडे हेच उत्तर तयार असतं.

मग म्हणाले, धुऊन घ्या. पूर्ण. काना-कोपऱ्यात मातीचा कण दिसता कामा नये.

आमच्या धंद्यात माती अशी धूत नाहीत. खाचेत अडकलेली चिमूटभर माती हा वस्तूचा शेवटचा साक्षीदार असतो. कुठल्या नदीकाठची, कुठल्या खाणीजवळची, ते तीच सांगते, कोर्टातही तीच उभी राहते. मी भांडले, त्यांनी ऐकून घेतलं, आवाज जराही चढवला नाही आणि पाण्याचा नळ स्वतःच्या हाताने सोडून गेले.

धुतली मी. पण मुलाच्या काखेतली माती आधी खरवडून बाटलीत भरली आणि ब्रशांच्या मागे लपवली. येईल त्या प्रत्येक वस्तूची अशीच ठेवणार आहे. एक दिवस ह्या बाटल्या घेऊन मी योग्य त्या दारात जाऊन उभी राहीन, मग बघू कोणाला पत्ता लागत नाही ते.

धुतल्यावर नेहमीप्रमाणे बाईच्या घोट्यामागे, दिसणार नाही असा, नोंदीचा क्रमांक घातला. खाली वॉर्निश, त्यावर शाई, वर पुन्हा वॉर्निश.

१४ नोव्हेंबर

कांस्याचा दिवा झाला, मातीचा घोडा झाला. बाटल्या वाढताहेत.

स्वयंपाकाच्या मावशींशी गट्टी जमली आहे. बोलतात कमी, पण खायला घालतात आईसारखं. आज त्या कांद्याची टरफलं ब्रशने झटकत होत्या, मनगट न हलवता, नुसत्या बोटांनी. असं झटकायला शिकवावं लागतं, मला शिकायला वर्ष लागलं. गमतीत विचारलं, मावशी, आधी कुठे होतात? म्हणाल्या, इथेच. त्याच्या आधी? इथेच. माहेर कुठलं? मावशी थांबल्या. जिन्यावर पायरी नसावी आणि पाय अधांतरी राहावा, तसा त्यांचा चेहरा झाला. मग एकदम चिडल्या, मला म्हणाल्या, नसत्या चौकशा कशाला, हात धुऊन जेवायला बस.

चिडून वळल्या तेव्हा अंबाड्याखाली मानेवर मला काहीतरी चमकलेलं दिसलं. खाली वॉर्निश, त्यावर शाई, वर पुन्हा वॉर्निश.

गोंदलेलं असेल, असं मी दिवसभर स्वतःला समजावते आहे. गोंदण चमकत नाही.

१८ नोव्हेंबर

धाकटीला फोन केला. ती आईच्या थेंबांबद्दल सांगत होती, मी मध्येच विचारलं, आपल्या गल्लीचं नाव काय गं? ती हसली, म्हणाली, जास्त शहाणपणा करू नकोस. मग मी खरंच विचारते आहे हे तिच्या लक्षात आलं. तिने सांगितलं. मला ऐकू आलं. पेन उचलेपर्यंत गेलं.

आज अंघोळ करताना गुडघ्याच्या मागे बोटाला गुळगुळीत लागलं. आरशात पाहिलं. क्रमांक आहे. माझा नऊ कायम डावीकडे कलतो, शाळेपासून. हा नऊही डावीकडे कललेला आहे.

अक्षर माझं आहे. मी हे कधी लिहिलं?

ॲसिटोनने घासलं. दगडावरचा निघतो. कातडी सोलवटली, आकडा तसाच.

२० नोव्हेंबर

आता नीट लिहिते, लिहिता येतंय तोवर. बाई धुतली आणि गल्लीचं नाव गेलं. दिवा धुतला आणि घराच्या दाराचा रंग गेला. घोडा धुतला तेव्हा काय गेलं ते मला ठाऊक नाही, आणि हेच सगळ्यात वाईट आहे. मी वस्तूंचा पत्ता पुसते आणि इथे माझा पुसला जातो. मावशी माझ्याआधी ह्याच सिंकपाशी उभ्या होत्या. त्यांनीही किती दालनं धुतली असतील.

मालकांना तोंडावर सांगितलं, आजपासून एकही वस्तू धुणार नाही, मी घरी निघाले, आईचं ऑपरेशन आहे. त्यांनी अगदी मायेने विचारलं, घरी म्हणजे कुठे?

मी त्यांना थोबाडीत मारायला हवी होती. उत्तरच शोधत राहिले.

बाटल्या तरी आहेत. ती माती आहे तोवर सगळं गेलेलं नाही, असं मला वाटतं. का वाटतं विचारू नये.

२२ नोव्हेंबर

बाटल्या मागच्या ओट्यावर आहेत. धुऊन, उपड्या घालून, उन्हात वाळत. स्वच्छ. मावशींना मालकांनी सांगितलं होतं की खोलीत घाण साचली आहे.

मी ओरडले. मावशींवर, ज्यांचा काही दोष नाही. मालकांवर, तर ते कान देऊन ऐकत राहिले, कुणी एखादा जुना राग गात असावा तसे. म्हणाले, तुमचा राग फार सुंदर आहे, तो जपायला हवा.

हा माणूस चोर नाही. चोर निदान पळतो.

२३ नोव्हेंबर

सकाळी पिशवी घेऊन निघाले. कोणी अडवलं नाही, फाटक उघडंच होतं. खाली स्टँडवर गाडी लागलेली. चढले. कंडक्टरने विचारलं, कुठलं?

मी पिशवी धरून उभी. तो म्हणाला, बाई, लवकर, लोक खोळंबलेत. मागून कोणीतरी म्हणालं, घरी भांडून आली असेल. मला त्या सगळ्यांना सांगायचं होतं की माझी आई — तिचे डोळे — पण कुठलं तिकीट ते —

उतरवलं मला. एकच घर ठाऊक होतं, तिथे परत आले. मालकांनी दार उघडलं. मावशींनी पाय धुवायला पाणी दिलं. धुतले मी. कशाला धुतले?

२५

फोन आला. धाकटीच. आवाज ओळखला, देवाची कृपा. म्हणाली, रडू नकोस ताई, जागची हलू नकोस, मीच येते न्यायला, परवा आईला दाखल करायचंय. आईला कोणापाशी ठेवून येतेस विचारलं तर म्हणाली, एकटी राहील, एका दिवसाचा तर प्रश्न.

म्हटलं, येऊ नकोस. इथे येऊ नकोस. का, ते सांगता येईना. राग येत होता नुसता — कोणाचा तरी फार राग — तिला वाटलं तिचाच.

बहीण येणार. धाकटी. कात्रीसारखी जीभ. हे विसरायचं नाही.

२६

मान वळवून हसणारी बाई दालनात उभी केली. नवीन पाय बसवलेत. छान जमलेत. पाहून का चिडले कळलं नाही.

बहीण येणार. कोणाची —

तारीख मावशींना माहीत नाही

एक बाई आली फाटकाशी. मला ताई म्हणते. गळ्यात पडली, रडली, घट्ट धरलं. अंगाला घामाचा, प्रवासाचा वास. मालकांनी तिला आत बसवलं, पाणी दिलं, नीट विचारलं — ही तुमचीच कशावरून? तिच्यापाशी काय होतं दाखवायला. म्हणाली, माझी बहीण आहे, लहानपणापासून — मालक म्हणाले, असं पुष्कळजण म्हणतात. तुमच्याकडे तिला ठेवायला जागा आहे? छप्पर गळतं ना? इथे कशी स्वच्छ आहे बघा.

मी मान डोलावली. खरंच आहे ते. मला राग आला त्या बाईचा. इतकं जपून ठेवलेलं आणि ही कोण कुठली, ओढून न्यायला —

ती ओरडायला लागली. मालकांचा आवाज चढला नाही. मला म्हणाले, किती लांबून आली आहे, पाय बघा तिचे, आत घ्या.

टाचा भेगाळलेल्या. भेगांत पिवळसर माती, खोल गेलेली. ही सुक्या ब्रशने निघत नाही, आधी भिजवावी लागते. सिंकपाशी स्टुलावर बसवली. ती सारखी तेच — ताई, चल, घरी आई एकटी आहे, दिसत नाही तिला, दार उघडं ठेवून बसली असेल — मी म्हटलं, हो, हो, पाय पुढे करा. डावी टाच झाली. उजवी घेतली. पाणी पिवळं, मग गढूळ, मग निवळलं. हळूहळू ती रडायची थांबली. आता कशी शांत बसली आहे. शाई काढून ठेवली आहे.

सहज विचारलं तिला, घरी कोण एकटं आहे म्हणत होतात, बाई?

तिने आठवून पाहिलं. म्हणाली, माझी — थांबा हं, आत्ता होतं — माझी आ