भिंतीवरचा शर्टाचा तुकडा

टोइवोला, मिशिगन
रविवार, १९ ऑक्टोबर १९८६

प्रिय ऑस्मो,

खुशाल असशील. मुलीही मजेत असतील. इकडे तुझ्या लेम्पीवहिनीचा गुडघा पुन्हा कुरकुरायला लागलाय, त्यामुळे मला बोलणी जास्त बसतात. सॉनाच्या न्हाणीघरात वाफेसाठी नवी चूल बसवली, पण धूर अजून डोळ्यांत जातोच. परवा अर्व्होकाका येऊन गेले. म्हणाले, भावाला पत्र टाकायला काय होतं तुला, डुलुथ काय चंद्रावर आहे?

हे पत्र सकाळपासून चौथ्यांदा सुरू करतोय. मधेच उठतो, दार उघडतो, बाहेर काही नसतं, परत येऊन बसतो. लेम्पी वैतागून म्हणाली, एक तर लिही नाही तर लाकडं फोड. लाकडंही फोडून झाली.

शिकारीचं सांगतो. काल सकाळी ओढ्याकाठी, त्या उन्मळून पडलेल्या झाडाच्या मुळांआड बसलो होतो, बाबांचं धनुष्य घेऊन. वारा तोंडावर होता. आठच्या सुमाराला हरणाची एक मादी आली, इतकी जवळ की तिचं चघळणं ऐकू यायला लागलं. तिला जाऊ दिलं. मागून नर येणार हे कळत होतं, आणि आलाच. सात पावलांवर. नंतर मोजली मी. त्याचं डोकं खोडाआड गेलं तशी दोरी ओढली. तेवढ्यात तो पुढे सरकला.

डावा कान फाटलेला, दोन फाका झालेला. तोच रे. आपल्या दोघांच्याही तेव्हा नजरेत भरला होता तो कान. आणि पाठीवर, खांद्यामागे, अगदी कण्याजवळ एक बोटभर पांढरी रेघ. जखम भरून तिथे केस पांढरे उगवलेत.

हे धनुष्य फार वेळ ओढून धरता येत नाही, तुला माहीत आहे. मी दोरी हळूहळू सैल सोडली. तो माझ्याकडे बघत राहिला, एकदा पाय आपटला आणि शेपूट वर करून गेला.

पुन्हा उठून आलो. आता लिहूनच टाकतो.

चार वर्षांपूर्वी मी सगळ्यांना सांगितलं की बाण बरगड्यांतून आरपार गेला, आणि ऑस्मोने घाई केली म्हणून हरीण दलदलीत पळून हातचं गेलं. बाण सोडला की थर्मासमधली कॉफी संपेपर्यंत जागचं हलायचं नाही, हा बाबांचा नियम; लगेच मागे लागलं की जखमी हरीण लांब पळतं. तू कॉफी टाकून धावत आलास हे खरं. पण बाण कुठे लागला ते तू पाहिलं होतंस म्हणून आलास. संध्याकाळी शिकारीच्या कॅम्पवरच्या खोपीत, टेबलाशी सगळ्यांसमोर तू म्हणालास, "बाण वर लागलाय, टाउनो. नुसता चाटून गेलाय. ते हरीण मरणार नाही."

आणि मी म्हणालो, "याला झाडावरची खार दिसत नाही, हा मला शिकवतोय."

सगळे हसले. बाबांनी कात्री काढली. हरीण घालवणाऱ्याच्या शर्टाचं मागचं टोक कापायचं, त्यावर नाव-तारीख लिहून भिंतीवर ठोकायचं. आजवर कोणी त्याचं वाईट वाटून घेतलं नव्हतं. तू वळून पाठ पुढे केलीस. त्यानंतर कॅम्पवर पाऊल ठेवलं नाहीस. बाबांच्या मातीला आलास, पण कॉफीलाही थांबला नाहीस. लोक म्हणतात, चिंधीवरून रुसला. मीही तेच म्हणत आलो.

मला बाण सापडला होता, ऑस्मो. तू दलदलीकडे शोधत होतास तेव्हाच. पात्याला पाठीचे काळसर राठ केस आणि रक्त नावाला. फुप्फुसाचं रक्त फेसाळ असतं, हे काय मला कळत नव्हतं? मी बाण मोडून ओढ्यात फेकला. नेम चुकण्याचं काही नाही, भिंतीवर बाबांचेही दोन तुकडे आहेत. पण त्या हिवाळ्यात धनुष्य कोणाला द्यायचं ते बाबा ठरवणार होते, आणि माझ्यापेक्षा तुझा हात चांगला होता. मला ते सगळ्यांत जास्त ठाऊक होतं.

बाबा तुला उतावळा समजूनच गेले. ते मला आता दुरुस्त करता येत नाही. त्याची मला लाज वाटते, आणि रोज वाटते.

काल तिथून तसाच कॅम्पवर गेलो. काका आणि बाकीचे जेवत होते. सगळं सांगितलं. मग काकांनी ड्रॉवर उघडून कात्री माझ्यासमोर ठेवली.

तुझा तुकडा सोबत पाठवतोय. खिळ्याचं भोक पडलंय, बाकी धड आहे. तुझ्या खिळ्यावर आता माझा आहे, निळ्या चौकड्यांचा. तारीख चार वर्षांपूर्वीचीच घातली. शर्ट नवा होता म्हणून लेम्पीने झाडलं ते वेगळं.

धनुष्याची दोरी उतरवून ते दारामागे उभं केलंय. टपालाने पाठवणार नाही. तू न्यायला यावंस, एवढी लबाडी माझ्यात अजून शिल्लक आहे. चौदा नोव्हेंबरपर्यंत हंगाम आहे. त्या नराच्या मागे मी जाणार नाही. तू आलास तर बसायची जागा दाखवतो, आणि तुझी कॉफी संपेपर्यंत शेजारी बसतो.

बाण वर लागला होता.

टाउनो