आत सोबत कोण?

मंगळवार, संध्याकाळ

हॉस्पिटलने दिलेला बाळंतपणाचा फॉर्म उद्या द्यायचाय. कळा सुरू झाल्यावर आत सोबत कोण, तिथे एकाच माणसाचं नाव लिहायचं. संदीपने चाकणला शिफ्टला जाता जाता सासूबाईंचं नाव लिहूनही टाकलं. "आईला बरं वाटेल," म्हणाला. आणि मला?

परभणीला आईला फोन केला. "त्यांना दुखवू नको गं, मी बाहेर बसेन," म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता तिचा.

सासूबाई वाईट असत्या तर भांडता तरी आलं असतं. रोज माझ्या सुजलेल्या पायांना तेल चोळतात. पण त्यांच्यासमोर मला मोकळेपणी ओरडता येणार नाही. एक नाव, तेही मी ठरवायचं नाही?

शेवटी त्यांचं नाव खोडलं, आईचं लिहिलं, सही केली. तेवढ्यात सासूबाई खोलीत आल्या. फॉर्म उचलून, लांब धरून वाचला.

"माझ्या वेळी मला कुणी विचारलंच नव्हतं," एवढंच म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

रागावल्या की काय, कळेना. बाहेर जायचा धीर होत नाही. दार लोटून बसलेय.